शेवटची दोन रिळं

मला आठवड्याची रजा मिळाली, त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. जळगावात मे महिन्यात दोनच बातम्या असतात, पारा आणि पाणी. पारा चढला, पाणी आलं नाही. या दोन ओळी लिहायला पंधरा वर्षं मुरलेला उपसंपादक लागत नाही, हे सत्याऐंशी सालच्या मे महिन्यात आमच्या संपादकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला सोमवार ते रविवार घरी बसायला सांगितलं.

घरी बसायची मला सवय नव्हती. सोमवारी सकाळी अकरापर्यंत मी दोन वर्तमानपत्रं शुद्धलेखनाच्या चुकांसह वाचून काढली, पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या चारही खिडक्या मोजल्या आणि मग कागद घेऊन आठवड्याचा आराखडा तयार केला. सकाळी वाचन, दुपारी झोप, संध्याकाळी संगीत, आणि शुक्रवारी चित्रपट. प्रत्येक बाबीसमोर वेळ लिहिली. आराखडा प्रमिलाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना दाखवला. ती कुरडयांचा गहू निवडत होती. तिने हात न थांबवता कागद वाचला आणि विचारलं,

"पिक्चर पूर्ण?"

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटपर्यंत बसणार का तुम्ही?"

या प्रश्नामागे अकरा वर्षं होती, ती थोडक्यात सांगतो. लग्न झाल्यापासून आम्ही सव्वीस चित्रपट पाहिले आणि एकाचाही शेवट पाहिला नाही. आम्ही सहाच्या खेळाला जायचो आणि मला सव्वाआठला कचेरीत हजर व्हावं लागायचं. मध्यंतरानंतर अर्ध्या तासाने मी उठायचो आणि माझ्यामागून प्रमिला. लोकांचे पाय तुडवत, "जरा जाऊ द्या" म्हणत आम्ही बाहेर पडायचो तेव्हा पडद्यावर कोणाला तरी दोरीने बांधत असायचे. तो सुटला की नाही हे आम्हाला कधीच कळलं नाही. दुपारच्या खेळाला तिने शेजारणीबरोबर जावं असं मी अनेकदा सुचवलं. तिचं म्हणणं, पिक्चर दोघांनी मिळून पाहायचा असतो, नाहीतर तो पाहिला असं धरत नाहीत. हा नियम कुठला, ते तिने कधी सांगितलं नाही.

माझ्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवतो. आमच्या धंद्यात महत्त्वाचं ते वर लिहायचं आणि कमी महत्त्वाचं ते खाली. जागा कमी पडली की खालून कापायचं. रोज रात्री शंभर गोष्टींचे शेवट कापणाऱ्या माणसाला शेवटाचं अप्रूप राहत नाही. एकदा मी प्रमिलाला हे नीट समजावून सांगितलं. तेव्हा ती अहिराणीत बोलली. ती साक्रीकडची. घरात आमच्यासारखीच बोलते, पण चिडली की माहेरच्या भाषेवर येते. ती म्हणाली, "तुमनं लगीनभी असंच खालून कापतात का तुम्ही?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

"शेवटपर्यंत बसेन," मी म्हणालो. "काही झालं तरी खुर्चीवरून उठणार नाही."

"लिहून द्या," ती म्हणाली. मी आराखड्यातच शुक्रवारसमोर ते लिहिलं आणि खाली सही केली.

सोमवार ते गुरुवार संगीताचे होते. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कचेरीतल्या सहकाऱ्याकडून मी सहा कॅसेटी आणल्या आणि रस्त्यात भाजी घेताना त्या वीस मिनिटं स्कूटरच्या डिकीत राहिल्या. बाहेर चव्वेचाळीस अंश होते, डिकीत किती ते मोजायची सोय नव्हती. शेजारचे तोताराम नाना हे एस.टी.तून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक आणि आमच्या गल्लीतल्या सर्व विषयांचे सल्लागार. ते म्हणाले, कॅसेटी ओल्या फडक्यात गुंडाळून कूलरसमोर ठेवा, पूर्ववत होतील. ठेवल्या. त्यानंतर त्यांतल्या गायकाला गालगुंड झाल्यासारखा आवाज येऊ लागला. नानांच्या पत्नी पुष्पाबाई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्या वाकून म्हणाल्या, "भाऊ, तो माणूस आजारी आहे का? त्याला झोपू द्या ना." मग वीज गेली आणि तो झोपला. बुधवारी वीज नव्हती, गुरुवारी होती, पण समोरच्या लग्नघराचा कर्णा होता. संगीत संपलं. शुक्रवार उरला.

शुक्रवारच्या दोन तिकिटांची गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. पण चित्रपटाला जायचं असेल तर कुरडयांचा चीक आदल्या दिवशी संपवावा लागतो, चीक संपवायचा तर हात जास्त लागतात आणि हात लागले की तोंडंही येतात. गुरुवारी दुपारी आमच्या गच्चीवर पुष्पाबाईंसह नऊ बायका होत्या. संध्याकाळी प्रमिला खाली येऊन म्हणाली, "दोनची अकरा तिकिटं करा."

"अकरा?"

"त्यांनी माझ्या कुरडया केल्या. मी काय एकटीने पिक्चर बघू?"

"एकटीने नाही, दोघांनी. तुझाच नियम आहे."

"दोघं आहोतच की. त्या आपल्या बाजूला बसतील."

तोताराम नाना स्वतः येणार नव्हते, पण त्यांनी पाऊण तास मार्गदर्शन केलं. बाल्कनीत डावीकडून तिसऱ्या पंख्याखाली बसा. तीनचा खेळ म्हणजे अडीचला पोहोचा. आणि एक महत्त्वाची गोष्ट, ती मी त्या वेळी कानाआड केली. नाना म्हणाले, "भाऊ, त्या पिक्चरची पेटी एकच आहे बरं का. नशिराबादला दीडला लागतो आणि तिथून रिळं इकडे येतात. मेळ चुकला की बसा."

हे खरं होतं. थेटराचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो. पण ते थेटर रुपचंद शेठ नावाच्या गृहस्थांचं होतं, आणि नशिराबादचं कापसाच्या जुन्या गोदामातलं थेटरही त्यांचंच. एक पेटी भाड्याने आणायची आणि दोन्हीकडे चालवायची. नशिराबादला दीड तास आधी सुरू करायचं. तिथली चार रिळं संपली की पत्र्याच्या डब्यात घालून नथ्थू नावाचा त्यांचा माणूस लुनावरून जळगावला आणणार आणि परत जाऊन पुढची आणणार. चौदा रिळांचा चित्रपट. शेवटच्या फेरीला मात्र दोनच रिळं, कारण नथ्थूच्या मते शेवट जड असतो.

शुक्रवारी आम्ही अडीचला डावीकडून तिसऱ्या पंख्याखाली बसलो. पंखा बंद होता, पण तो नानांचा दोष नव्हे. मी कडेला, माझ्या शेजारी प्रमिला, मग पुष्पाबाई आणि बाकी आठ जणी. तीनला चित्रपट सुरू झाला. एका कुटुंबाची जत्रेत ताटातूट होते इथपर्यंत मी लक्ष देऊन पाहिलं. मध्यंतरात अकरा जणांना ताक मिळालं. प्रमिला खूश होती. तिने चपला काढून पाय वर घेतले होते, म्हणजे उठायचं नाही या हिशोबाने ती बसली होती. मला स्वतःला त्या खुर्चीत एक प्रकारचं नैतिक समाधान वाटत होतं.

चार वाजून पन्नास मिनिटांनी अंधारात माझ्या खांद्यावर हात पडला. रुपचंद शेठ होते. ते कानाशी येऊन कुजबुजले, "मगनभाऊ, बाहेर या ना दोन मिनिटं."

"मी उठणार नाही," मी म्हणालो.

"नाक्यावर नथ्थूला धरून ठेवलाय. शेवटची दोन रिळं तिथे आहेत. माझ्याजवळ पाच वीसपर्यंत पुरेल एवढाच पिक्चर आहे."

"मग तुम्ही जा."

"जकातीचा कारकून बदलला. माझं ऐकत नाही. तुम्ही पेपरवाले, तुमचं ऐकेल." आणि मग ते नको ते बोलले. "नाहीतर मी शेवट तोंडी सांगून मोकळा होतो. सहाच्या खेळाचे लोक उभे राहतील आता."

हे प्रमिलाने ऐकलं. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा मला दिसला. मी उठलो तर शब्द मोडत होता आणि बसलो तर शेवट जात होता. पंधरा वर्षांत मी यापेक्षा अवघड निर्णय घेतलेला नाही.

"जा," ती म्हणाली. तिने ते ज्या प्रकारे म्हटलं त्यावरून मी बसलो असतो तरी चुकलो असतो. पुष्पाबाई शांतपणे म्हणाल्या, "जाऊ दे गं. सवय आहे त्यांना."

मी लोकांचे पाय तुडवत बाहेर पडलो.

नशिराबादच्या बाजूचा जकात नाका म्हणजे रस्त्यावर आडवा बांबू, एक खोली आणि एक कडुनिंब. कडुनिंबाखाली नथ्थू लुनाला टेकून बसला होता. खोलीत टेबलावर पत्र्याचा डबा होता आणि डब्यामागे सुकदेव नावाचा नवा कारकून. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, समोर उघडलेली नियमांची वही. आधीच्या तीन फेऱ्या नथ्थूने सवयीने पार केल्या होत्या, कारण चारपर्यंत जुना कारकून होता आणि त्याला शेठचे पास असत. चारला पाळी बदलली.

"नाव काय लिहू मालाचं?" सुकदेवने मला विचारलं.

"याने काय सांगितलं?"

"हा सांगतो, पिक्चरचा शेवट. असा माल यादीत नाही."

त्याने यादी माझ्याकडे सरकवली. छापील होती, अकारविल्हे. चिंच होती, त्यानंतर थेट चिनी माती आणि मग चुना. चित्रपट नव्हता. सवयीने माझी नजर ओळींवरून फिरली आणि मी त्याला यादीतल्या दोन मुद्रणचुका दाखवल्या. त्याने यादी परत ओढून घेतली. नंतर कळलं की यादीचं मुद्रितशोधन त्यानेच केलं होतं.

"मी वर्तमानपत्रात आहे," मी म्हणालो.

"वर्तमानपत्राच्या कागदाला सूट आहे. डब्यात वर्तमानपत्राचं सामान आहे असं लिहून द्या, लगेच सोडतो."

डब्यात वर्तमानपत्राचं सामान नव्हतं. मी आयुष्यात पाऱ्याचा आकडा सुद्धा अर्ध्या अंशाने वाढवून छापलेला नाही. शेजारच्या गावच्या वर्तमानपत्रांनी सेहेचाळीस छापले तेव्हा मी साडेचव्वेचाळीसच छापले होते आणि त्याबद्दल वाचकांची नाराजी सोसली होती. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेरून नथ्थू म्हणाला, "भाऊ, लिहा ना. कोण उघडून बघतं?"

"खोटं लिहिणार नाही," मी म्हणालो.

"मग माल आत जाणार नाही," सुकदेव म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही असाच वागलो असतो, आणि हे लक्षात आल्यावर पहिल्यांदाच मला माझ्याबरोबर राहणाऱ्या माणसांची दया आली.

मी खुर्चीत बसलो. वाद घालायची इच्छा संपली. "साहेब," मी म्हणालो, "माझी बायको थेटरात बसलीय. अकरा वर्षांत मी तिला एका पिक्चरचा शेवट पाहू दिला नाही. आज लिहून दिलं होतं की उठणार नाही, आणि उठून तुमच्यासमोर बसलोय. साक्रीकडची आहे ती. चिडली की तुम्हाला समजेल अशा भाषेत चिडते."

सुकदेवने टाक खाली ठेवला. "साक्री? कोनतं गाव?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"आरे, मंग तुम्ही आमना जवाई शेतस," तो म्हणाला, आणि उभा राहिला. त्याचं गाव तिथून दोन कोसांवर होतं. त्याने माझी खुर्ची मला उठवून फडक्याने पुसली आणि पुन्हा बसवलं. "आधी सांगतात नही का? उखर्डूभाऊ, पानी आना. चहा सांगा."

"चहा नको, उशीर होतोय."

"जवाईले चहाशिवाय कसा सोडू? गावमा तोंड दखाडता येवाव नही."

चहाला नऊ मिनिटं लागली. मी तो तोंड भाजून घेत प्यालो. तेवढ्या वेळात सुकदेवने नियमांची वही चाळून वाट काढली. माल रात्री नशिराबादला परत जाणार होता की नाही? होता, तिथे नऊचा खेळ होता. म्हणजे तो गावात विकायला येत नव्हता, गावातून जात होता. अशा मालाला रहदारी पास मिळतो. मी हमीदार म्हणून सही केली. मालाबरोबर पालिकेचा शिपाई आणि तीन अटी. माल हद्दीत उतरवायचा नाही, त्याचं सील फोडायचं नाही, आणि शिपायाच्या नजरेआड होऊ द्यायचा नाही. मालाचं नाव या रकान्यात सुकदेवने विचार करून लिहिलं, "शेवट, नग दोन."

ते वाचून मला समाधान वाटलं. अटी मी वाचल्या नाहीत. मी, जो दुसऱ्यांच्या चुका वाचून पोट भरतो.

शिपाई म्हणजे उखर्डूभाऊ. पन्नाशीचे, भरदार, आणि त्यांच्या वजनाला लुना पुरण्यासारखी नव्हती. ते माझ्या स्कूटरवर मागे बसले, सील केलेला डबा पोटाशी धरून. नथ्थू मागून लुनावर. पाच चाळीसला आम्ही निघालो आणि पाच सेहेचाळीसला एका वरातीत अडकलो. गोरज मुहूर्ताची वरात होती, पुढे बँड, मागे घोडा. खाकी कपड्यातला माणूस सील केलेला डबा घेऊन आलेला पाहून नवरदेवाच्या चुलत्याला वाटलं, कोणा बड्या माणसाने आहेर पाठवला आहे. त्याने वरात थांबवली आणि डब्याला कुंकू लावलं. उखर्डूभाऊंनी शांतपणे लावून घेतलं. "सील शाबूत शे," ते मला म्हणाले.

थेटराशी पोहोचलो तेव्हा सहाला दोन मिनिटं कमी होती. बाहेर सहाच्या खेळाचे लोक असायला हवे होते, पण अंगण रिकामं होतं. आतून मात्र गाण्याचा आवाज येत होता. चित्रपटातला नव्हे. शेकडो माणसं टाळ्यांचा ठेका धरत होती आणि बायकांचा आवाज त्यावर चढत होता. मी डबावाल्या उखर्डूभाऊंना हाताला धरून बाल्कनीचा जिना चढलो.

झालं होतं ते असं. पाच वीसला पडदा पांढरा झाला. रुपचंद शेठ पडद्यापुढे आले आणि म्हणाले, शेवटी सगळे भेटतात, आता घरी जा. पुष्पाबाई बाल्कनीतून म्हणाल्या, "आम्ही नाही जात. भेटवून दाखवा." शेठ म्हणाले, बसा मग. तेव्हा प्रमिला उभी राहिली आणि तिने तिच्या माहेरी लग्नात म्हणतात ते गाणं सुरू केलं. त्या गाण्यांत वरपक्षाच्या एकेकाचं नाव गुंफून त्याला टोमणे मारतात. चाल तीच, नाव बदलायचं. पहिलं कडवं शेठना मिळालं होतं.

रुपचंद शेठनं थेटर मोठं,
शेवट कोठे ठेवा वं माय.

सहाच्या खेळाचे लोक हे ऐकून आत आले, ते तिथेच थांबले. तिकिटं फाडणारा, पंखा दुरुस्त न करणारा, ताकात पाणी घालणारा, सगळ्यांची कडवी होऊन गेली होती. मी दारात आलो तेव्हा प्रमिला बाल्कनीच्या कठड्याशी पाठमोरी उभी होती, एक हात हवेत. मी तिला अकरा वर्षांत गाताना ऐकलं नव्हतं. मी कचेरीतून परतायचो तेव्हा ती झोपलेली असायची आणि ती कामाला लागायची तेव्हा मी झोपलेला. तिचा आवाज मोठा आणि मोकळा होता, तो त्या थेटराच्या कर्ण्यांपेक्षा स्वच्छ होता.

आणि ती गात होती,

मगनभाऊ पाव्हना,
खुर्ची सोडी पयना वं माय...

पाचशे माणसं "पयना वं माय" म्हणाली. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण पुष्पाबाईंनी मागे वळून पाहिलं आणि बोटाने मला दाखवलं. मग ठाऊक झालं. प्रमिला वळली. मला पाहून ती थांबली, आणि गाणं तिथेच तुटलं.

त्यानंतरची अडचण कायद्याची होती. रिळं चालवणाऱ्या माणसाने डब्याला हात लावताच उखर्डूभाऊ म्हणाले, सील फोडता येणार नाही. रुपचंद शेठ हात जोडून म्हणाले, तो डबा न फोडता मी शेवट कसा दाखवू? उखर्डूभाऊंनी पास उघडून अटी वाचून दाखवल्या. उतरवायचा नाही, सील फोडायचं नाही, नजरेआड होऊ द्यायचा नाही. खाली हमीदार म्हणून माझी सही होती. शेठनी माझ्याकडे पाहिलं, प्रमिलाने पाहिलं, पाचशे माणसांनी पाहिलं.

तेव्हा पुष्पाबाईंनी बसल्याजागी, अगदी हलक्या आवाजात, उखर्डूभाऊंचं कडवं सुरू केलं.

उखर्डूभाऊ नाकावाला,
डबा पोटशी धरा वं माय.

बाकी आठ जणींनी उचललं, मग खालच्यांनी. उखर्डूभाऊ एक कडवं उभे राहिले, दुसऱ्याला कानापर्यंत लाल झाले. तिसऱ्याला त्यांच्या डब्यावरच्या कुंकवाचा उल्लेख आला आणि ते हसले. मी संधी घेतली. "उखर्डूभाऊ," मी म्हणालो, "तीन अटींमध्ये मुख्य अट कुठली? नजरेआड न होण्याची. बाकीच्या दोन तिच्यासाठीच आहेत. रिळं पडद्यावर चालली तर माल तुमच्या नजरेसमोर राहील, आणि एवढ्या मोठ्या आकारात की डोळा चुकणार नाही. वर पाचशे साक्षीदार."

पंधरा वर्षांत मी नियमाचा असा अर्थ कधी लावला नव्हता. उखर्डूभाऊंनी विचार केला. "मंग माले नीट दिसाले पाहिजे," ते म्हणाले. "खुर्ची द्या."

थेटरात रिकामी खुर्ची एकच होती, कडेची, माझी. सहाच्या खेळाचे लोक बाकी सगळीकडे बसले होते. उखर्डूभाऊ प्रमिलाशेजारी बसले, टोपी मांडीवर घेतली आणि मालावर नजर ठेवली. मी पायरीवर, प्रमिलाच्या पायाशी बसलो. रीळ नशिराबादहून उलटं गुंडाळलेलं आलं होतं, ते सरळ करायला सात मिनिटं गेली. मग अंधार झाला.

शेवट मी पाहिला. पायरीवरून पडद्याचा उजवा कोपरा दिसत नव्हता, पण त्या कोपऱ्यात फारसं काही घडलं नाही. जत्रेत चुकलेले भेटले. दोरीने बांधलेला सुटला. तो कसा सुटतो हे मला पहिल्यांदा कळलं: दोर सैलच बांधलेला असतो. दिवे लागले तेव्हा उखर्डूभाऊ डोळे पुसत होते. त्यांनी रिळं स्वतःच्या हाताने डब्यात ठेवली, नव्याने सुतळी बांधली आणि नथ्थूला म्हणाले, चल, हद्द दाखव.

आम्ही साडेसातला घरी पोहोचलो. बाकीच्या नऊ जणी रिक्षांमधून पुढे गेल्या होत्या. घरात आल्यावर मी विचारलं,

"कसा होता शेवट?"

"ठीक होता," ती म्हणाली.

अकरा वर्षं, सव्वीस चित्रपट, एक जकात नाका. ठीक. मी शर्टाची बटणं काढत उभा राहिलो. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघरातून म्हणाली,

"माझं गाणं मात्र तोडलंत तुम्ही."

"मी कुठे तोडलं? मी फक्त आलो."

"तेच. कडवं अर्ध्यात होतं. लग्नात असं अर्ध्यात सोडत नाहीत. ज्याचं नाव घेतलं त्याचं पूर्ण करावं लागतं, नाहीतर तो रुसून जातो."

"पुढे काय आहे?"

"तुम्हाला काय करायचंय? शिव्याच आहेत."

"माझ्याच आहेत ना? मग मला ऐकायला हव्यात."

ती बाहेर आली, पदराने हात पुसत. मी काय म्हणतो याची खात्री करून घेतल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. मग उंबऱ्यावर बसली आणि तोडलं होतं तिथूनच, हळू आवाजात सुरू केलं. मी समोर जमिनीवर बसलो. पाहुणा खुर्ची सोडून पळाला, ताट सोडून पळाला, मांडवातून पळाला, बायकोला भर जत्रेत सोडून पळाला. कुठे पळाला तर छापखान्यात, काय छापलं तर पारा. ही शेवटची ओळ परंपरेतली नसावी. भिंतीपलीकडून पुष्पाबाईंनी "वं माय" म्हटलं आणि तोताराम नानांनी त्यांना, मला वाटतं, वेळ सांगितली.

बराच वेळ चाललं. माझा जिथे जिथे अपमान व्हायला हवा होता तिथे तो झाला, आणि एकाही ठिकाणी मला त्यात चूक सापडली नाही. मग चाल संथ झाली आणि ती थांबली.

"संपलं?" मी विचारलं.

"एक राहिलं. ते म्हणायचं नसतं, करायचं असतं."

"काय?"

"इतकं सगळं ऐकून जो उठून जात नाही," ती म्हणाली, "त्याला जेवायला बसवतात."

मग ती उठली, भिंतीशी उभा केलेला पाट घेतला आणि माझ्यासमोर मांडला.